द्राक्षाच्या पायला खळ किती द्यावी?

जुळे सोलापुरातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, घेतला. केक जमला, नानकटाई जमली, आता त्या फळांच्या पायच्या (pie, मैद्याच्या पारीत फळांचं सारण भरून भाजतात तो) मागे लागल्या आहेत. पहिला पाय भिशीसाठी केला, पाऊण किलो काळ्या द्राक्षांचा, कॉर्नफ्लॉवर शिगोशीग तीन मोठे चमचे. वरची पारी अर्ध्या तासात छान तांबूस झाली. बायका आल्या तशी गरमागरम बाहेर काढून सुरी लावली, तर ताटलीभर जांभळं पाणी. जाऊबाई म्हणाल्या, ‘पाय कुठला, हे तर सार झालं!’ दुसऱ्यांदा कॉर्नफ्लॉवर सहा चमचे घातलं आणि सारण आधी गॅसवर आटवून घेतलं. तुकडा सुबक निघाला, पण मुलाने तो खोडरबरासारखा दाबून दाखवला. आता मैत्रीण सांगते आरारूट घाल, जाऊबाई सांगतात कस्टर्ड पावडर, आणि परदेशी व्हिडिओतली बाई टॅपिओका स्टार्चशिवाय दुसरं नाव घेत नाही. तो मधल्या मारुतीपासून नवी पेठेपर्यंत एकाही दुकानात मिळाला नाही, ऑनलाइन मागवायचा तर महाग पडतो. पुढच्या महिन्यात सासूबाईंची पंच्याहत्तरी आहे, नणंदा येणार आहेत, आणि दिवस नेमका एकादशीचा. ‘कोणती पावडर बरोबर, ते एकदाचं सांगा,’ असं त्यांनी लिहिलंय.

ताई, एकदाचं सांगते: घरात आहे तेच कॉर्नफ्लॉवर घ्या. पण एवढ्यावर थांबले तर तिसरा पायही बिघडेल. कारण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटतं की तुमचा एकही पाय पावडरीमुळे बिघडलेला नाही.

थोडा हिशोब करू. मोठा चमचा शिगोशीग भरला की त्यात बारा ते पंधरा ग्रॅम कॉर्नफ्लॉवर मावतं, सपाट भरला तर आठेक ग्रॅम. म्हणजे पहिल्या वेळी पाऊण किलो फळाला तुम्ही चाळीसेक ग्रॅम घातलं होतं. पाणचट फळांच्या पायला किलोमागे पस्तीस-चाळीस ग्रॅम पुरतं. म्हणजे पहिल्या खेपेलाच ते पुरून उरायला हवं होतं! तरी सार झालं. याचा अर्थ पावडर होती, पण तिने काम केलं नाही. का केलं नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक असणार. फक्त ते तुम्ही स्वयंपाकघरात नाही, मोरीत शिकलात.

सुती साडीला खळ कशी करतात ते आठवा. माझी आई साबुदाण्याची करायची, शेजारच्या काकू तांदळाच्या पिठाची. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मग ते उकळत्या पाण्यात ओतून ढवळत राहायचं. आधी सगळं दुधासारखं पांढरं दिसतं, पळीला काही जड लागत नाही. मग एकदम, अगदी बघता बघता, पळी जड होते आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक येते. ती झाक यायच्या आधी कोणी गॅस बंद केला तर साडीवर पांढरे डाग पडतात आणि कडकपणा येत नाही तो नाहीच. खळ गरम असताना पातळ असते, निवली की घट्ट होते, आणि पातेल्यात रात्रभर तशीच राहिली तर सकाळी थलथलीत गोळा आणि भोवती सुटलेलं पाणी. सोलापूरकरांना हे सांगायला नको खरं तर. १८७७ साली इथे ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी सुरू झाली, त्याच्याही आधीपासून हातमागावर ताण्याच्या सुताला खळ देतच आलोत आपण.

पायमधलं सारण म्हणजे फळाच्या रसात केलेली खळ. कॉर्नफ्लॉवरचे कण साठ-सत्तर अंशांना फुगू लागतात, पण पूर्ण दाटपणा येतो तो उकळीच्या जवळ, पंच्याण्णव अंशांच्या आसपास. त्यात साखर असली तर ती पाणी स्वतःकडे ओढते आणि कण फुगायला आणखी उशीर लागतो. तुमच्या ओटीजीत वरचा रॉड पारीपासून चार बोटांवर असणार. पारी अर्ध्या तासात तांबूस झाली म्हणून तुम्ही पाय काढलात, तेव्हा मधलं सारण गरम झालं होतं, उकळलं नव्हतं. ताटलीतलं ते पाणी गढूळ होतं का? जिभेला पिठूळ लागलं का? तसं असेल तर माझी शंका खरी. दुसऱ्या वेळी तुम्ही सारण गॅसवर आटवलंत. त्यामुळे खळ नीट शिजली, आणि ती होती ऐंशी ग्रॅम! खोडरबर होणारच होतं. दोन्ही वेळा एकच पावडर, एकदा कच्ची आणि एकदा दामदुप्पट.

आणि ते ‘गरमागरम’. आपल्याकडे गरम वाढणं म्हणजे माया. भाकरी तव्यावरून ताटात, भजी कढईतून ताटात. बसल्या पंगतीला गार वाढलं तर सुगरणीची अब्रू जाते. पाय हा त्या जातीचा पदार्थ नाही. तो ओव्हनमधून निघतो तेव्हा आतली खळ पातळच असते, कितीही नीट शिजवा. तीन-चार तास निवल्यावर ती धरते. त्यातून आपल्या एप्रिल-मे महिन्यात घरातलीच हवा चाळीस अंशांवर असते, तेव्हा चार तासांनीसुद्धा पाय निवला म्हणजे काय निवला? उन्हाळ्यात पाय आदल्या रात्री करावा, पंख्याखाली जाळीवर ठेवावा आणि कापायच्या आधी तासभर फ्रीजमध्ये. भिशीच्या बायकांसमोर सुरी लावण्यातली मजा मला कळते हो, पण ती मजा दुसऱ्या दिवशी घ्यायची.

आता फळाकडे येते. आपण समजतो की द्राक्षात पाणी फार, सफरचंदात कमी, म्हणून द्राक्षाचा पाय वाहतो. प्रत्यक्षात सफरचंदात पाणी पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असतं, द्राक्षात ऐंशीच्या थोडं वर. सफरचंदच पाणीदार! फरक आहे तो ते पाणी कोण किती घट्ट धरून ठेवतं याचा. सफरचंदाच्या फोडी शिजल्या तरी सहसा आकार सोडत नाहीत, शिवाय त्यात पेक्टिन भरपूर, म्हणजे जॅम ज्याने घट्ट होतो ते. द्राक्ष मात्र शिजताना फुटतं आणि आतलं सगळं ओतून मोकळं होतं. म्हणून परदेशी व्हिडिओत सफरचंदाला सांगितलेलं प्रमाण द्राक्षाला जसंच्या तसं लावता येत नाही. पेरू याच्या दुसऱ्या टोकाला. त्यातही पेक्टिन इतकं की बिया काढून केलेल्या पेरूच्या सारणाला चमचाभर पावडर पुरते.

यातून एक सोपा उपाय निघतो. द्राक्षाच्या सारणात एक आंबटसर सफरचंद किसून घाला. चवीत कळत नाही, पण रसाला धरायला काहीतरी मिळतं. आणि मूठभर बेदाणे घाला. सोलापूर जिल्ह्यात राहून बेदाण्यासाठी रेसिपी बघायची म्हणजे कहर. वाळलेलं द्राक्ष आजूबाजूचा रस पिऊन फुगतं, पाणी कमी होतं आणि चव दाट होते. पावडरीचं निम्मं काम बेदाणेच करतात. खालच्या पारीवर दोन चमचे खमंग भाजलेला बारीक रवा भुरभुरला तर उरलासुरला रसही तिथेच अडतो आणि तळ चिखल होत नाही.

काळी द्राक्षं तुम्ही निवडलीत याचं मला फार कौतुक वाटलं, हे मध्येच सांगून टाकते. काळी शरद सीडलेस काय, हिरवी सोनाका काय, दोन्ही जाती सोलापूरजवळच्या आपल्या नान्नजच्या. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात नेपल्स नावाचं एक छोटं गाव द्राक्षाच्या पायसाठीच ओळखलं जातं. तिथली कॉन्कर्ड द्राक्षं बियांची, म्हणून त्या बायका आधी एकेक द्राक्ष दाबून साल वेगळी करतात, गर शिजवतात, बिया गाळतात आणि मग साल परत घालतात. आपल्याला बिनबियांची मिळतात. अर्धी कापायची आणि सुटायचं.

मैत्रीण, जाऊबाई आणि व्हिडिओतली बाई, तिघींचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे.

कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः कॉर्नफ्लॉवरच, त्यात पिवळा रंग आणि व्हॅनिलाचा वास. सफरचंदाच्या पायमध्ये जाऊबाईंचं ऐकायला काहीच हरकत नाही, उलट छान लागतं. जांभळ्या द्राक्षांत मात्र पिवळा रंग मिसळला की जे काही तयार होतं ते पंच्याहत्तरीच्या टेबलावर ठेवू नये.

टॅपिओका स्टार्च मिळत नाही म्हणून तुम्ही हळहळलात. ताई, टॅपिओका म्हणजे कसावा नावाचा कंद, आणि त्याच्याच स्टार्चपासून आपला साबुदाणा होतो. तमिळनाडूतल्या सेलमकडे त्याचे कारखानेच कारखाने आहेत. कच्चा साबुदाणा मिक्सरमधून अगदी बारीक करा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा, झाला टॅपिओका. साबुदाणा बनवतानाच तो थोडा शिजलेला असतो, त्यामुळे ही पूड फळाच्या रसात पंधरा-वीस मिनिटं भिजू द्यावी लागते, नाहीतर मध्येच बारीक कणी लागते. हिचे गुण दोन. सारण आरशासारखं चकचकीत आणि पारदर्शक होतं, फळाचा रंग झाकोळत नाही. आणि पाय फ्रीजरमध्ये ठेवून परत काढला तरी पाणी फारसं सुटत नाही. कॉर्नफ्लॉवरचं सारण गोठवून वितळवलं तर स्पंजासारखं होतं, दाबलं की पाणी गळतं. दोष एकच, जास्त शिजवलं की तार येते. प्रमाण कॉर्नफ्लॉवरच्या सव्वा ते दीडपट.

आरारूटही चकचकीत होतं, आंबट फळांना ते कॉर्नफ्लॉवरपेक्षा बरं, चवही कसली नाही. पण दुधात किंवा क्रीममध्ये घातलं तर बुळबुळीत होतं, आणि फार वेळ उकळलं तर परत पातळ. विकत घेताना डब्यावरचे घटक वाचा. आरारूट म्हणून दुसराच स्टार्च विकलेला मी स्वतः आणला आहे. उपासाच्या सामानात मिळते ती तवकीर याच कामाची, तिच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

मैदा लागतो दुप्पट, सारण गढूळ होतं आणि पुरता शिजला नाही तर कच्चट लागतो. दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या पायमध्ये तो खपून जातो, द्राक्षात नाही. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होतं. तो प्रश्न प्रत्येक घराने आपला सोडवावा, पण पस्तीस अंशांच्या आसपास ते वितळतं, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात ते ताटलीतच हातपाय पसरेल. चायना ग्रास उलट, एकदा धरला की वितळायचं नाव नाही, पण त्याची जेली होते, पायचं सारण होत नाही. दुकानात पिवळं ‘मक्याचं पीठ’ पुढे केलं तर घेऊ नका, ते भाकरीचं. आपल्याला हवं ते पांढरंशुभ्र, बोटांत चोळलं की कुरकुरतं ते.

मग करायचं कसं? तुमच्या पाऊण किलो द्राक्षांचंच सांगते. द्राक्षं अर्धी कापून शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर चोळा आणि पाऊण तास विसरून जा. चाळणीवर ओतून रस वेगळा काढा. हा रस पातेल्यात उकळून निम्मा करा. त्याचा रंग आणि वास बघून तुम्हीच म्हणाल की पहिल्या वेळी आपण काय ताटलीत सांडलं होतं ते! कॉर्नफ्लॉवर तीन मोठे चमचे, पण सपाट, पंचवीसेक ग्रॅम. ते गार पाण्यात कालवून उकळत्या रसात ओता, ढवळत राहा. खळीसारखी झाक आली आणि मोठे, जड बुडबुडे खदखदायला लागले की आणखी मिनिटभर थांबा आणि गॅस बंद. जास्त वेळ घोटत बसू नका, धरलेले कण फुटतात आणि सारण परत सैल पडतं. मग द्राक्षं, किसलेलं सफरचंद, बेदाणे मिसळा. लिंबू पिळायचं तर आता पिळा, आधी नाही, कारण आंबटासोबत फार वेळ उकळलं तर स्टार्च तुटतो. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय पारीत भरायचं नाही. आपल्या हवेत पारीतलं लोणी आधीच जीव मुठीत धरून असतं, त्यावर गरम सारण ओतलं तर संपलंच.

ओव्हन दोनशे अंशांवर वीस मिनिटं, मग एकशे ऐंशीवर पस्तीस-चाळीस. ट्रे खालच्या खाचेत. वरून पारी रंगली की फॉइल झाकून ठेवा, रंग बघून पाय काढू नका. काढायची खूण वेगळी आहे. वरच्या चिरांतून, तेही कडेच्या नव्हे, मधल्या चिरेतून सारण खदखदताना दिसलं पाहिजे. आणि बुडबुडे संथ हवेत, जड, भरलं वांगं शेवटी रटरटतं तसे. पाण्यासारखे चटाचटा फुटत असतील तर अजून वेळ आहे.

चव बघताना उष्टा चमचा परत पातेल्यात घालू नका. ही शिस्त सासवांनी सोवळ्यापायी लावली असेल, पण तिच्यामागे रसायनशास्त्रही आहे. लाळेत अमायलेज असतं, ते स्टार्च तोडतं. मी एकदा स्ट्रॉबेरीचं सारण रात्री झकास दाट करून ठेवलं, गोड किती झालं ते बघायला त्याच चमच्याने गारेगार सारण चार-पाच वेळा चाखलं, ढवळलं आणि झोपले. सकाळी सरबत. घरच्यांना वाटलं, मी पावडर घालायची विसरले. मलाही कितीतरी दिवस तसंच वाटत होतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारावीशी वाटते. तुकडा ताटलीत काटकोनात उभा राहिला पाहिजे, ही अट घातली कोणी? तुमच्या पत्रात ‘सुबक’ हा शब्द तीनदा आलाय, ‘चव’ एकदाही नाही. व्हिडिओतला तुकडा फोटोसाठी कापलेला असतो, बहुधा दिवसभर फ्रीजमध्ये राहिलेला. चांगल्या फळाच्या पायचं सारण कापल्यावर किंचित पुढे झुकतं, ताटलीवर बोटभर रस येतो, तो चमच्याने ओढून घ्यायचा असतो. आपण पुरणपोळीच्या पुरणाला घट्ट म्हणतो आणि आमटीला पातळ, पण बासुंदीला कोणी दोष देतं का, उभी राहत नाही म्हणून? जाऊबाई ‘सार’ म्हणाल्या ते तुम्हाला लागलं आणि दुसऱ्या वेळी सहा चमचे पडले, असं मला दिसतंय. त्या बाईंनी सार झालं म्हटलं, वाईट झालं असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. या वेळी रस उकळताना त्यांनाच पळी हातात द्या. कस्टर्ड पावडर सुचवणाऱ्या बाईला खळीची झाक बरोबर ओळखता येते, पैज लावते.

पंच्याहत्तरीच्या आधी एकदा चार छोट्या वाट्यांत तालीम करून बघा, पारी-बिरी काही नको. वाटीभर रसात एकीत कॉर्नफ्लॉवर, एकीत साबुदाण्याची पूड, एकीत आरारूट, एकीत मैदा, रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी चमचा घालून बघितलं की मला पत्र लिहायची गरज उरणार नाही. मग नणंदांनी उरलेला पाय पुण्याला न्यायचा म्हटला तर साबुदाण्याचा करा, त्याच दिवशी संपणार असेल तर कॉर्नफ्लॉवरचा.

राहिली एकादशी. मैद्याच्या पारीमुळे सासूबाईंना पाय चालणार नाही, तिथे कॉर्नफ्लॉवर की साबुदाणा हा वाद मुळातच गैरलागू. पण ज्यांचा वाढदिवस त्यांनीच सगळ्यांची तोंडं बघत बसायचं? रस निम्मा झाला की त्यातला वाटीभर आधी बाजूला काढा, कॉर्नफ्लॉवर पडायच्या आत. त्यात दोन चहाचे चमचे तवकीर गार पाण्यात कालवून घाला, झाक येईपर्यंत हलवा आणि उतरवा. दालचिनी तुमच्याकडे उपासाला चालते का ते त्यांनाच विचारा, वेलची बहुतेक घरी चालते. मूठभर द्राक्षं मिसळून काचेच्या वाटीत गार करा, आणि वाढताना वरून डाळिंबाचे दाणे. दाणे शिजवायचे नाहीत, कच्चेच, अगदी आयत्या वेळी.